शुक्ल पक्ष तांबेकाकांचा

"हळू बोल गं! आत्ताच कुशीवर ठेवलंय."

तांबेकाका आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आले, त्या आठवड्यातली ही गोष्ट. नवीन शेजारी म्हणून मी संध्याकाळी वाटीभर नारळाच्या वड्या घेऊन गेलेले. बेल वाजवली, तर या गृहस्थांनी दार जेमतेम किलकिलं केलं आणि ओठांवर बोट ठेवून मला हे सांगितलं. मला वाटलं, घरात तान्हं नातवंड आहे. मीपण कुजबुजत विचारलं, "किती महिन्यांचं?"

"महिन्यांचं कसलं! चार वर्षं झाली," काका म्हणाले. "पण अजून रात्री पाठीवर झोपवलं की पळतं."

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं की समोर आजारी पोर आहे, टीव्हीचा आवाज बंद करा. आठवडाभर आम्ही मालिका मुक्याने बघितल्या. मग कळलं की तांबेकाका ब्रह्मचारी आहेत आणि कुशीवर झोपतं ते त्यांचं घड्याळ आहे. आमचे हे त्या दिवशी माझ्यावर जे हसले, ते अजून अधूनमधून हसतात.

घड्याळ स्विस. सेल नाही, काही नाही, पोटात नुसती चक्रं आणि स्प्रिंगा. हातात घालून हात हलवत राहिलं की त्याला आपोआप चावी बसते. हात हलला नाही की एक-दोन दिवसांत मान टाकतं. आणि एवढं महागाचं असून रोज काही सेकंद पुढे नाहीतर मागे जायचंच. रात्री आडवं ठेवलं तर पुढे पळतं, चावीचं बटण वर करून कुशीवर ठेवलं तर जरा दमानं घेतं. म्हणून दिवसा हातात जे सेकंद जास्त झाले, ते काका रात्री कुशीवर झोपवून वसूल करायचे. माझं घड्याळ स्टेशनबाहेर घेतलेलं, सेल घातला की वर्षभर मुकाट चालतं. हे मी काकांना एकदा ऐकवलं.

"अलका, तुझं घड्याळ वेळ दाखवतं. माझं वेळ तयार करतं."

"मग रोज चुकीची कशाला तयार करतं?"

"चुकीची नाही. टॉलरन्समध्ये आहे."

हा त्यांचा लाडका शब्द. काकांचा सगळा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, तयार झालेले सुटे भाग मोजण्यात गेला. मापात केसभर फरक असला तरी चालतो, त्या केसभराला टॉलरन्स म्हणतात. निवृत्त झाल्यावर मोजायला सुटे भाग उरले नाहीत, तेव्हा काकांनी आख्खं जग मोजायला घेतलं. टाकीचं पाणी दहा मिनिटं उशिरा आलं, टॉलरन्समध्ये. माझ्या आमटीत मीठ जास्त पडलं, टॉलरन्सच्या बाहेर. एकदा आमचं नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचा आवाज त्यांच्या घरापर्यंत गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "काळजी करू नकोस. मी ऐकलं. टॉलरन्समध्ये होतं." आता या माणसाला काय बोलायचं?

घड्याळ हातात असलं की रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून घड्याळ मोबाइलशी ताडून बघायचे आणि निकाल जाहीर करायचे. "दोन पुढे!" खालून पेपरवाला ओरडायचा, "काल तर चार होतं ना, काका?" लोकांच्या घरी नातवंडाला दात आला की फोन जातात. इथे सेकंद कमी झाले की जिनाभर बातमी.

त्या घड्याळापायी त्यांचा डावा हात आणि उजवा हात ही दोन वेगळी माणसं झालेली. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायचे नाहीत, कारण झटका बसतो. उजव्या हाताने मांडीवर थाप मारायचे. पण चालताना डावा हात परेडसारखा पुढे-मागे, आणि उजवा गप्प खिशात. एकदा ताप आला, तर पांघरुणातून डावा हात बाहेर काढून पडल्या पडल्या हलवत होते. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना फिट्स कधीपासून येतात?"

पण खरी भानगड पुढेच आहे. दर पौर्णिमेला आणि दर अमावस्येला हा माणूस संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा. पौर्णिमेला पांढऱ्या रुमालात काहीतरी बांधून न्यायचा, अमावस्येला बांधून आणायचा. एकटा माणूस, अमावस्या आणि पांढरा रुमाल! तळमजल्याच्या मोकाशीबाईंनी दाराला लिंबू-मिरची टांगली आणि मला म्हणाल्या, "अलका, तू अगदी समोर राहतेस. जपून गं बाई." मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मी लिंबू टांगलं नाही. पण काकांनी दिलेला पेढा आधी ह्यांना खायला दिला.

शेवटी न राहवून मी विचारलंच. काका म्हणाले, "अगं, ताबा द्यायचा असतो. पौर्णिमेला सोनवण्याचा पक्ष सुरू होतो."

तर ते घड्याळ अर्धंच काकांचं होतं! दुसरा अर्धा वाटा कल्याणच्या सोनवण्यांचा. दोघं कारखान्यात एकाच टेबलावर बसायचे. तरुणपणी कधीतरी परदेशातून मशीन लावायला एक इंजिनिअर आलेला, त्याने आपलं घड्याळ दोघांच्या कानाला लावून ऐकवलं. तेव्हापासून दोघांनी ठरवलेलं, घ्यायचं तर असं. एकेकट्याच्या ऐपतीत ते बसत नव्हतं, म्हणून निवृत्तीला दोघांनी मिळून एक घेतलं. सोनवण्यांच्या मिसेस, शोभावहिनी, तेव्हा म्हणालेल्या म्हणे, "दोघांनी मिळून म्हैस घेतली असती तर दूध तरी मिळालं असतं."

आता वाटणी कशी करायची? महिना-महिना म्हटलं तर एक महिना तीस दिवसांचा, एक एकतीसचा, आणि फेब्रुवारी कुणाच्या माथी मारायचा? तांबेकाकांना ते सहन होईना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरने सोडवणूक केली. शुक्ल पक्ष तांब्यांचा, कृष्ण पक्ष सोनवण्यांचा. पौर्णिमा सोनवण्यांनी मागून घेतली. पौर्णिमेला ते पांढरा शर्ट घालून विहारात जातात, त्यावर घड्याळ उठून दिसतं म्हणाले. काकांनी लगेच कबूल केलं. तिथीचा क्षय झाला तर ज्याचा दिवस बुडाला त्याने रडायचं नाही, असंही ठरलेलं. "चंद्र कुणाची बाजू घेत नाही," काका मला म्हणाले.

हा ताब्याचा सोहळा बघायला मी एका अमावस्येला मुद्दाम गेलेले. डोंबिवली स्टेशनजवळचं मिसळीचं हॉटेल. काका वेळेआधी हजर, सोनवणे अर्थातच उशिरा. आले ते दारातूनच गडगडत. "जयभीम, मॅडम! तुम्हीच ना त्या घड्याळाला बाळ समजलेल्या?" उंच, रुंद, हसले की टेबल हलायचं. त्यांनी मनगटावरून घड्याळ काढून वांग्यासारखं टेबलावर ठेवलं. काका कळवळले. रुमाल पसरला, त्यावर घड्याळ घेतलं, खिशातून भिंग काढलं.

"याला हळद कशी लागली?"

"मटण केलेलं."

"घड्याळ घालून?"

"मग? हात हलला पाहिजे म्हणतोस ना? पाट्यावर मसाला वाटला. हात हलला. नंतर ढोलकी वाजवली. आणखी हलला."

"सोनवण्या, हे यंत्र आहे! वरवंटा नाही!"

"अरे तांब्या, आधी बघ तरी किती आलंय ते."

काकांनी मोबाइल काढून घड्याळ ताडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग मिसळीत पाव बुडवून खायला लागले. सोनवणे माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "किती रे?"

"दिवसाला एक," काका घासाआडून म्हणाले.

म्हणजे इथे हा माणूस टाळ्या वाजवत नाही, रात्री कूस बदलून देतो, तरी घड्याळ चार नि सहा सेकंद पळतं. आणि तिकडे हळदीत, रश्श्यात, ढोलकीवर आपटून दिवसाला जेमतेम एक! रिक्षात बसल्यावर काकांनी रुमालातलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग एकदम म्हणाले, "त्याच्या हातात असं काय आहे गं?"

"मटण असेल," मी म्हटलं. काका हसले नाहीत.

गेल्या वर्षी थंडीत शोभावहिनी गेल्या. दुखणं लहानच होतं, पण त्यातून उठल्याच नाहीत. मी काकांबरोबर कल्याणला गेलेले. काका तिथे कुणाशी दोन शब्द बोलले नाहीत. शर्टाच्या बाह्या दुमडून मोरीपाशी बसले आणि आल्यागेल्याच्या चहाचे कप विसळत राहिले. डावा हात मनगटापर्यंत साबणाच्या फेसात. घड्याळ तेव्हा त्यांच्याच हातात होतं, शुक्ल पक्ष होता. ते काढायचंही त्यांना सुचलं नाही. मला त्या दिवशी या माणसाबद्दल फार माया वाटली.

पौर्णिमेला काकांनी घड्याळ नेमाने सोनवण्यांना दिलं. पुढच्या अमावस्येला सोनवण्यांनी परत आणलं, ते बंद. हात हललाच नव्हता. त्याच्या पुढच्या अमावस्येला तर सोनवणे आलेच नाहीत. त्यांच्या मुलाने हातात घालून आणून दिलं, आणि तो लगेच निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गॅलरीतून काही ओरडले नाहीत. सरळ माझ्या दारात आले. चेहरा पांढराफटक.

"अलका, मिनिटं! सेकंद नव्हेत गं, मिनिटं पुढे गेलंय! एका रात्रीत!"

"मग?"

"याला चुंबक लागलंय. चुंबक लागलं की आतली स्प्रिंग स्वतःलाच चिकटते आणि घड्याळ सुसाट सुटतं. सोनवण्याने काय केलंय याचं? फोन उचलत नाही. तुझी स्कूटर काढ."

मी कढईत फोडणी टाकलेली. गॅस बंद केला, ह्यांना पोळ्या वाढून घ्यायला सांगितलं आणि निघाले. आमच्या कोपरपासून कल्याणपर्यंत काका मागे बसून सोनवण्यांचा उद्धार करत होते. पत्री पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्यालाही त्यांनी चुंबकाचे दुष्परिणाम सांगितले.

सोनवण्यांच्या सुनेने दार उघडलं. "बाबा आत पडलेत," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पडलेलेच असतात हो काका. जेवायलासुद्धा उठत नाहीत. फिरायला जा म्हटलं की कूस बदलतात."

खोलीत पडदे ओढलेले. सोनवणे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. दाढी वाढलेली, गळ्याचं मांस लोंबलेलं. हा तो टेबल हलवणारा माणूस, मला ओळखूच आला नाही. काका क्षणभर दारातच थांबले. मग आत शिरले आणि पलंग, उशी, टेबल असं काय काय हुंगल्यासारखं तपासायला लागले.

"ही गादी कुठली?"

"पाठ दुखते म्हणून पोराने आणली," सोनवणे तसेच पडून म्हणाले. "चुंबकाची आहे. रक्त खेळतं म्हणतात."

काकांनी सुनेकडून स्टीलचा डाव मागवला. गादीवर टेकवला. टक्! डाव चिकटला. "सापडलं!" काका ओरडले. "दिवसरात्र घड्याळ घालून यावर लोळत होतास तू! हात हलत नाही म्हणून ते मरतं, आणि उरलंसुरलं ही गादी मारते! सोनवण्या, लाज वाटत नाही?"

मला काकांचा असा राग आला! माणूस बायकोच्या दुःखाने आडवा झालाय आणि यांना घड्याळाचं पडलंय. मी तसं बोलणारच होते, तेवढ्यात सोनवणे उठून बसले.

"ठेवून घे ते, तांब्या," ते म्हणाले. "माझा वाटापण तुला. मला आता वेळ बघून कुठं जायचंय?"

घड्याळ गेलं की पौर्णिमा गेली, अमावस्या गेली, डोंबिवलीची मिसळ गेली. या माणसाला घराबाहेर काढणारी तेवढी एकच गोष्ट उरलेली. आणि काका? त्यांना तर आख्खं घड्याळ आयतं मिळत होतं.

काकांनी डाव गादीवरून ओढून काढला.

"तसं करता येणार नाही. ठरलंय ते ठरलंय."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही म्हणूनच मोडता येत नाही." मग काकांनी डाव सुनेच्या हातात दिला. "आणि दुसरं म्हणजे, माझ्या हातात ते चालत नाही. तुझ्याच हातात चालतं. मी सगळं करून पाहिलं."

हे कबूल करताना त्या माणसाला किती लागलं असेल, ते मला विचारा.

"चुंबक मी उतरवून आणतो," काका म्हणाले. "पण नंतर ते रोज चाललं पाहिजे. तुझ्या हातात. काळ्या तलावावर रोज सकाळी फिरायचं. मी तपासायला येणार. आणि आधी ही गादी काढ."

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ काकांच्या ओळखीचा एक घड्याळजी आहे, त्याच्याकडून चुंबक उतरलं. दुसऱ्या दिवसापासून काका रोज पहाटे कल्याणला. गॅलरीतली घोषणा बंद झाली. शुक्ल पक्ष आला आणि गेला, तरी काकांचं मनगट मोकळंच. मोकाशीबाईंनी लिंबू-मिरची काढली आणि मला विचारलं, "त्यांनी सोडलं का गं ते सगळं?"

परवाच्या रविवारी कल्याणला माझ्या मावसबहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी सकाळी काकांबरोबरच निघाले. काळ्या तलावावर सोनवणे आधीच येऊन उभे. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. "उशीर केलास, तांब्या!" ते गडगडले, आणि मला फार बरं वाटलं. दोघं भांडत भांडत चालायला लागले, मी मागून. एक फेरी झाल्यावर बाकावर बसलो. काकांनी सोनवण्यांचं मनगट हातात घेतलं, मोबाइल काढला, डोळे बारीक केले.

"छान. दोन मागे. उत्तम चाललंय."

मी सहज वाकून पाहिलं. सेकंदाचा काटा जागचा हलत नव्हता. मी चांगलं निरखून पाहिलं. घड्याळ ठार बंद होतं! मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या चपलेवर आपला बूट ठेवला आणि दाबला.

सोनवणे कुणा ओळखीच्याला हाक मारत चार पावलं पुढे गेले, तसं काका माझ्या कानाशी आले. "मला दिसतंय. बरेच दिवस झाले. तू गप्प बस."

"अहो, पण त्यांना सांगा की!"

"सांगितलं तर कंपनीकडे दुरुस्तीला जाईल, महिने लागतील. घड्याळ नाही तर फिरायचं कशाला म्हणेल, आणि परत जाऊन आडवा होईल. तुला कळतंय का?" एवढं बोलून काका शेंगा आणायला गेले.

सोनवणे परत आले. काकांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "मॅडम, एक सांगू? घड्याळ बंद आहे. मोरीत पडलं माझ्या हातातून. तांब्याला कळू देऊ नका."

"का हो?"

"मला घरात सून आहे, नातवंडं आहेत. त्याला कोण आहे? घड्याळ गेलं तर कल्याणला यायला त्याला काहीतरी निमित्त नको? बसून राहील एकटा तिकडं. त्याच्यासाठी उठतो मी सकाळचा."

"पण त्यांना दिसतंय ना रोज!"

"कुठलं दिसतंय!" सोनवण्यांनी आवाज खाली आणला. "नजर गेलीय त्याची. मी बोलत नाही, जिवाला लावून घेईल. आयुष्यभर केसभर फरक पकडणारा माणूस, आणि बघा आता."

मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं. पदराने नाक पुसत बसले. रागही आला. हे दोन म्हातारे एकमेकांना फसवणार आणि दोघांची गुपितं पोटात ठेवायची मी! पण कुणाला आणि काय बोलणार?

काका शेंगांच्या पुड्या घेऊन आले. तिघांनी खाल्ल्या. ऊन चांगलं वर आलेलं, तलावावरची माणसं पांगायला लागलेली. सोनवण्यांनी शर्टावरची टरफलं झटकली आणि विचारलं, "किती वाजले रे, तांब्या? निघायचं का?"

मोबाइल काकांच्या खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. सोनवण्यांचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, त्या बंद घड्याळाकडे बराच वेळ बघितलं.

"वेळ आहे अजून," काका म्हणाले. "चल, आणखी एक फेरी होईल."